भ्रूणाची जनुकीय चाचणी : परळमधून पाहताना

मुंबईतल्या परळमध्ये केईएम रुग्णालय आणि प्रजनन संशोधन संस्था ही दोन ठिकाणे आहेत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये देशातली पहिली मानल्या गेलेल्या परीक्षानलिका-बालिकेचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्याचे ते फळ होते. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच हे यश मिळवले होते, पण त्याची उपेक्षा झाली. पुढे १९९७ मध्ये स्वतः आनंदकुमार यांनीच मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासून त्यांना श्रेय दिले. स्वतःकडे आलेला पहिलेपणाचा मान असा परत करणारे विरळाच.

शरीराबाहेर फलन साधता आले, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी तपासण्याची संधीही हाती आली. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण पोकळ गोळ्याच्या अवस्थेत, म्हणजे ब्लास्टोसिस्ट अवस्थेत येतो. त्याच्या आतील पेशीसमूहातून बाळ घडते, तर बाह्यस्तरातून वार. चाचणीसाठी या बाह्यस्तरातल्या मोजक्या पेशी काढतात. अहवाल येईपर्यंत भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात.

या चाचणीचे तीन प्रकार आहेत. पहिला गुणसूत्रांची संख्या मोजतो. दुसरा गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल शोधतो. तिसरा प्रकार एका जनुकातील ज्ञात दोषाचा वेध घेतो, आणि कुटुंबांच्या दृष्टीने तोच सर्वांत निर्णायक ठरतो. बीटा थॅलेसेमियाचे उदाहरण पाहावे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतात. आजारी मुलाला मात्र वारंवार रक्त द्यावे लागते. या चाचणीआधी अशा दांपत्यांपुढे मुख्यतः एकच वाट होती : गर्भ वाढू द्यायचा, मग तो तपासायचा आणि दोष आढळल्यास गर्भपाताचा निर्णय घ्यायचा. भ्रूणाची चाचणी तो प्रसंग गर्भधारणेच्या अलीकडे आणते.

मात्र या तंत्राचा उगमच लिंगपरीक्षेत आहे. १९९० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हँडीसाइड आणि सहकाऱ्यांनी या चाचणीनंतरच्या पहिल्या गर्भधारणा नोंदवल्या. एक्स गुणसूत्राशी निगडित आजार मुख्यतः मुलग्यांना होतात म्हणून त्यांनी भ्रूणाच्या पेशीत वाय गुणसूत्राचा अंश शोधला आणि मुलीचे भ्रूण निवडले. महाराष्ट्राने मात्र त्याच्या दोन वर्षे आधी, १९८८ मध्ये, गर्भलिंगनिदानावर कायदा केला होता; देशातला असा तो पहिलाच. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. ज्या पेशीतून आजार वाचता येतो तीच पेशी लिंगही सांगते, त्यामुळे कायद्याला या चाचणीविषयी वाटणारा संशय अनाठायी म्हणता येत नाही. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ ही चाचणी केवळ ज्ञात, आनुवंशिक वा जनुकीय आजारांसाठीच मान्य करतो. लिंग ओळखण्यास मनाई करताना लिंगनिगडित आजारांचा अपवाद मात्र राखतो.

हे तंत्र अचूक असले तरी निर्दोष नाही. काढलेल्या पेशी आणि आत राहिलेल्या पेशी यांची गुणसूत्रे वेगळी असू शकतात. अगदी थोड्या डीएनएच्या प्रती वाढवताना जनुकाची एक प्रत निसटू शकते आणि सदोष भ्रूण निरोगी भासू शकतो. गुणसूत्रसंख्येची सरसकट तपासणी करून बाळ होण्याची शक्यता खरोखर वाढते का, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. माझ्या मते ती प्रत्येक दांपत्याच्या माथी मारणे अयोग्य आहे. एकजनुकीय आजाराची चाचणी निर्दोष आली, तरी डॉक्टर गर्भारपणात पुन्हा खातरजमा सुचवतात : साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा तपासून, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून.