कॅमेऱ्याला विरोध, खात्याला संमती : नव्या गेम कन्सोलविषयी खेळणाऱ्यांची मते आणि खासगीपणाचा प्रश्न

प्रस्तावना

२०१३ च्या मे-जून महिन्यांत अमेरिकेत व युरोपात एका खेळण्यावरून मोठा वाद झाला. समाजशास्त्र, विधी व वाणिज्य या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी असा तो वाद होता. 'खेळणे' हा शब्द येथे मुद्दामच योजला आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडून ज्यावर व्हिडिओ गेम खेळले जातात त्या यंत्रास गेम कन्सोल म्हणतात. आपणांपैकी अनेकांच्या घरी ते आलेच असेल तर मुलांच्या हट्टापायी आलेले असते आणि त्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची आपणांस सवय नसते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक्सबॉक्स वन या नव्या कन्सोलची घोषणा केली, ग्राहकांनी तिच्याविरुद्ध काहूर माजविले आणि महिन्याभरात कंपनीला माघार घ्यावी लागली, हा या वादाचा थोडक्यात इतिहास होय.

'ग्राहकांनी खासगीपणासाठी लढा दिला आणि तो जिंकला' अशा स्वरूपात ही हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. घटनाक्रम बारकाईने पाहिल्यास मात्र हे विधान अर्धेच खरे असल्याचे आढळून येते. खेळणाऱ्यांनी जे जिंकले ते बहुतांशी मालकीहक्काच्या आणि किमतीच्या बाजूचे होते. खासगीपणाची बाजू त्या लढ्यात सर्वांत मागे राहिली आणि पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली. हे कसे घडले याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

यंत्राची रचना

दिनांक २१ मे २०१३ रोजी वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड येथे कंपनीने हे यंत्र सादर केले. त्याच्या सोबत किनेक्ट नावाचे उपकरण सक्तीने येणार होते. किनेक्ट हे नाव तेव्हा नवे नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या पहिल्या किनेक्टचे पहिल्या साठ दिवसांतच ८० लाख नग विकले गेले होते आणि ते लोकांनी हौसेने, स्वतंत्र पैसे मोजून घेतले होते. नव्या किनेक्टची क्षमता मात्र कितीतरी वाढलेली होती. ते स्वतः अवरक्त प्रकाश सोडते आणि तो समोरच्या वस्तूवरून परत येण्यास लागणाऱ्या अत्यल्प कालावधीवरून वस्तूचे अंतर मोजते. त्यामुळे खोलीत अंधार असला तरी त्याचे काही अडत नाही. एकाच वेळी सहा व्यक्तींच्या शरीराची हालचाल ते सांध्यासांध्यांनिशी टिपू शकत असे. चेहऱ्याच्या त्वचेच्या रंगात रक्ताभिसरणामुळे होणाऱ्या सूक्ष्म बदलांवरून हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज बांधण्याची सोयही त्यात होती. आणि यंत्र बंद दिसत असतानाही त्याचा ध्वनिग्राहक 'एक्सबॉक्स ऑन' हे दोन शब्द ऐकण्यासाठी जागा राहत असे.

खेळणाऱ्यांच्या दृष्टीने याहून झोंबणाऱ्या अटी दोन होत्या. यंत्राने दर चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटद्वारे कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधलाच पाहिजे, अन्यथा विकत घेतलेले गेमही चालणार नाहीत, ही एक. वापरलेली डिस्क मित्राला देणे किंवा दुकानात विकणे यावर कंपनीची व प्रकाशकांची बंधने राहतील, ही दुसरी. आपल्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुने पाठ्यपुस्तक विकायला गेलेल्या विद्यार्थ्यास प्रकाशकाची परवानगी आण असे सांगण्यासारखेच हे होते. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात 'प्रथम विक्री'चे तत्त्व आहे. त्यानुसार एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढील विक्रीवर निर्मात्याचा अधिकार उरत नाही. मात्र विक्रीऐवजी 'परवाना' दिला असे म्हटले, की हे तत्त्व गैरलागू करता येते. वादाचे मूळ या शाब्दिक फरकात होते.

मतांचे दोन प्रवाह

कन्सोलविषयी उमटलेल्या प्रतिक्रियांत दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला प्रवाह मालकीविषयीचा : 'पैसे मी दिले, वस्तू माझी का नाही?' दुसरा प्रवाह घरात येणाऱ्या डोळ्या-कानांविषयीचा. जर्मनीचे तत्कालीन संघीय माहिती-संरक्षण आयुक्त पेटर शार यांनी या दुसऱ्या चिंतेला अधिकृत वजन दिले. असे यंत्र वापरणाऱ्याच्या प्रतिक्रियांचा वेग, त्याची भावनिक स्थिती अशा वैयक्तिक गोष्टी सतत नोंदवीत राहील आणि त्या माहितीचे पुढे काय होते यावर वापरणाऱ्याचे नियंत्रण उरणार नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. समोर किती प्रेक्षक बसले आहेत हे कॅमेऱ्याने मोजून त्यानुसार चित्रपट दाखविण्याचे नियमन करावे, अशा कल्पनेचा मायक्रोसॉफ्टचा एकस्व-अर्ज नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला होता. त्यामुळे संशयाला आधीच खतपाणी मिळालेले होते.

योगायोगही असा, की कंपनीने परवाना, इंटरनेट व खासगीपणा यांविषयीचे आपले स्पष्टीकरण ज्या दिवशी प्रसिद्ध केले त्याच दिवशी, म्हणजे ६ जून २०१३ रोजी, 'द गार्डियन' व 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्रांनी एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे 'प्रिझम' या अमेरिकी हेरगिरी-योजनेची बातमी दिली. त्या कागदपत्रांत सहभागी कंपन्यांच्या यादीत कालानुक्रमे पहिले नाव मायक्रोसॉफ्टचेच होते. किनेक्टचे संभाषण यंत्राबाहेर जात नाही, कॅमेरा बंद ठेवता येतो, ही कंपनीची आश्वासने कदाचित खरीही असतील. परंतु त्या आठवड्यात ती ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

या ठिकाणी मराठी शब्दांविषयी थोडे बोलणे आवश्यक वाटते. आपण 'गोपनीयता' आणि 'खासगीपणा' हे शब्द अदलाबदलीने वापरतो. पण गोपनीयतेत काहीतरी लपविण्याचा भाव आहे. म्हणूनच 'लपविण्यासारखे काही नसेल तर भिता कशाला?' हा प्रश्न तिला विचारता येतो. खासगीपणाची कल्पना आपल्या जुन्या घरांच्या रचनेत अधिक चांगली दिसते. ओटीवर कोणीही येऊन बसे. माजघरात येण्याचा अधिकार मोजक्यांनाच असे. माजघरात चोरून ठेवण्यासारखे काही असे म्हणून नव्हे, तर तेथले बोलणे तेथल्यासाठी असे म्हणून. हेलन निसेनबॉम या अमेरिकी विदुषीने २००४ पासून मांडलेला सिद्धान्तही याच दिशेने जातो : माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे नियम मोडून ती अन्यत्र वाहू लागली, की खासगीपणाचा भंग होतो. किनेक्टविषयीची अस्वस्थता ही अशी माजघरात ओटी घुसल्याची अस्वस्थता होती.

माघारीचा क्रम

दिनांक १० जून २०१३ रोजी लॉस एंजलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सोनी कंपनीने प्लेस्टेशन ४ वर वापरलेल्या डिस्क चालतील व इंटरनेटची नियमित तपासणी असणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. किंमतही ३९९ डॉलर, म्हणजे एक्सबॉक्स वनपेक्षा १०० डॉलर कमी. 'वापरलेला गेम मित्राला कसा द्यावा' याची एक चित्रफीतही सोनीने प्रसृत केली. एका माणसाने दुसऱ्याच्या हाती डिस्क देणे एवढीच तिची कथा होती. याउलट मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन विभागप्रमुख डॉन मॅट्रिक यांनी इंटरनेट नसलेल्यांनी जुने एक्सबॉक्स ३६० वापरावे, असा सल्ला एका मुलाखतीत दिला. भारनियमन अनुभवलेल्या महाराष्ट्रातील वाचकास त्यातील बेफिकिरी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

यापुढचा क्रम महत्त्वाचा आहे. १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने चोवीस तासांची अट आणि वापरलेल्या डिस्कवरील बंधने मागे घेतली. किनेक्ट जोडलेले असलेच पाहिजे ही अट मात्र तशीच राहिली. ती ऑगस्टमध्ये सैल झाली. किनेक्टविना स्वस्त यंत्र तर थेट जून २०१४ मध्ये, ३९९ डॉलरला बाजारात आले. तोपर्यंत प्लेस्टेशन ४ विक्रीत पुढे निघून गेले होते. त्याच सुमारास किनेक्टसाठी राखून ठेवलेली चित्रप्रक्रियेची सुमारे १० टक्क्यांपर्यंतची क्षमता गेम बनविणाऱ्यांना खुली करून देण्यात आली. किनेक्ट अखेर हटले ते किमतीच्या व वेगाच्या हिशेबात. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर संस्थेने किनेक्टच्या उपयोगाची चाचपणी केली होती, ही बातमी 'द गार्डियन'ने फेब्रुवारी २०१४ मध्ये दिली. ती मात्र जून २०१३ सारखी खळबळ उडवू शकली नाही.

मते एकमुखी होती असेही नाही. माघारीनंतर जुलै २०१३ मध्ये मूळ योजनाच परत आणा अशी मागणी करणारी याचिका निघाली व तिच्यावर हजारोंनी सह्या केल्या. कारण त्या योजनेत आपला गेमसंग्रह कुटुंबातील दहा जणांपर्यंत वाटून घेण्याची सोय होती, ती अटींबरोबरच गेली. दुसरे असे, की ज्या सोनीला टाळ्या मिळाल्या तिच्या जाळ्यातून एप्रिल २०११ मध्ये सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीस गेली होती. सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद होती आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे या टाळ्यांच्या अवघे पाच महिने आधी, सोनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला होता. खेळणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण चोरीस गेलेली माहिती दिसत नाही, कॅमेरा दिसतो.

दिसेनाशी झालेली देखरेख

किनेक्टचे उत्पादन ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाले. कन्सोलची माहितीची भूक मात्र त्यामुळे थांबली नाही, ती खात्यात शिरली. कोण केव्हा खेळतो, किती वेळ, कोणाशी, कोठे हरतो, काय विकत घेतो, ही सारी नोंद खात्याच्या नावे साठत जाते आणि त्यासाठी खोलीत कॅमेरा असण्याची जरुरी पडत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये प्लेस्टेशनवरील सामूहिक संभाषणाचे ध्वनिमुद्रण तक्रारीसोबत कंपनीकडे जाऊ शकते अशी सूचना पडद्यावर झळकली तेव्हा थोडी खळबळ झाली. ही सोय छळवणुकीची तक्रार करण्यासाठी आहे असा खुलासा सोनीने केला आणि विषय मिटला. जुलै २०२३ मध्ये एक्सबॉक्सनेही तशीच सोय आणली. उद्देश चांगलाच आहे. तरुण मुलींना अशा संभाषणांत जे ऐकावे लागते ते पाहता तिला विरोध करणे अवघड जाते. अधिक गंभीर प्रकरण जून २०२३ चे. नोंदणी अर्धवट सोडलेल्या मुलांचीही माहिती, पालकांच्या संमतीविना, साठवून ठेवल्याच्या आरोपावरून मायक्रोसॉफ्टने अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी २ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

मालकीहक्काच्या बाबतीत २०१३ चा विजयही टिकला असे म्हणता येत नाही. २०१९ पासून डिस्क चालविण्याची सोयच नसलेली यंत्रे विक्रीस आली. नोव्हेंबर २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये डिस्कसाठीचा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ साठी काही गेम अशा कार्डांवर मिळतात, की ज्यांत गेम नसतोच, केवळ तो उतरवून घेण्याची किल्ली असते. जे हुकमाने लादता आले नाही ते सोयीच्या वाटेने आले. आपल्या ग्रंथालयांतही हेच घडले आहे : बांधीव खंड कपाटात राहत, ई-नियतकालिकांची वर्गणी थांबली की जुने अंकही दिसेनासे होऊ शकतात. त्याबद्दल आपण प्राध्यापकांनी गेमरांइतका आवाज उठविल्याचे प्रस्तुत लेखकाच्या स्मरणात नाही.

भारतीय संदर्भ

एक्सबॉक्स वन भारतात सप्टेंबर २०१४ मध्ये आले, म्हणजे वादातील अटी मागे घेतल्यानंतर. त्यामुळे आपल्याकडे हा वाद दुरून पाहिला गेला. मात्र त्यातील प्रश्न आता येथील कायद्यात उतरले आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीवरील प्रक्रियेसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी या व्याख्येत येतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कन्सोलवर खाते उघडताना जन्मवर्ष दोन-तीन वर्षे मागे सरकवितो, अटींचे लांबलचक पान न वाचता 'मान्य' दाबतो आणि खेळू लागतो. स्विच २ च्या कॅमेऱ्याला बंद करता येणारे झाकण दिलेले आहे. ते झाकण तो मुलगा आठवणीने बंद ठेवील. खाते मात्र उघडेच राहील, आणि त्यातील जन्मवर्ष चुकीचे असल्यामुळे या अधिनियमाचे संरक्षणही त्याला प्रत्यक्षात मिळणे कठीण जाईल.