पिनबॉल यंत्राचे पुनरुज्जीवन

पिनबॉल यंत्राचे पुनरुज्जीवन म्हणजे नाण्यावर चालणारे जुने पिनबॉल यंत्र घरी आणून पुन्हा खेळण्याजोगे करणे. हा छंद प्रामुख्याने अमेरिका व युरोपात आढळतो.

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची यंत्रे बहुतांशी विद्युत-यांत्रिक होती. त्यांत रिले व स्विचांचे संपर्कबिंदू साफ करणे हेच मुख्य काम असते. त्यानंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांना सर्वाधिक धोका बॅटरीचा. बॅली कंपनीच्या १९७७ नंतरच्या अनेक यंत्रांत उच्चांक व इतर नोंदी टिकवण्यासाठी निकेल-कॅडमियम बॅटरी थेट मुख्य सर्किट बोर्डावर डाख देऊन बसवलेली असे. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिल्यास बॅटरीतील अल्कली झिरपून बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. त्यामुळे यंत्र सुरू करून पाहण्याचा मोह आवरून आधी बॅटरी काढणे शहाणपणाचे. मग बाधित भाग पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून, पाण्याने धुऊन पूर्ण वाळवतात. तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडता येतात.

रबरी कड्या, दिवे व फ्लिपरचे सुटे भाग बदलता येतात. मूळ रंगकामाचे तसे नाही. उभ्या काचेवरील चित्र तिच्या मागील बाजूस छापलेले असते. त्याचे पोपडे सुटले असल्यास ओले फडके फिरवताच रंग निघून येतो, म्हणून ती बाजू पुसत नाहीत. कॉइलच्या नळीत तेलही घालत नाहीत, कारण तेलावर धूळ बसून दांडा अडकतो.

शेवटी पाय वर-खाली करून खेळफळीला साधारण ६.५ अंशांचा उतार देतात.