पकड कुणाची?

गदगचा सुनील जोशी शाळकरी वयात सरावासाठी हुबळीला यायचा. याच जोशीने 26 सप्टेंबर 1999 रोजी नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 10 षटकं टाकली: 6 निर्धाव, 6 धावा, 5 बळी. त्या दिवसाचं त्याचं सगळं काम एवढ्या आकड्यांत मावलं. क्रिकेटची वहीच तशी आहे. चेंडू एकाने टाकायचा, दुसऱ्याने खेळायचा, फार तर तिसऱ्याने झेलायचा. कबड्डीत मात्र एका चढाईत समोरचे सातही जण एकदम हलतात आणि वहीत नाव एकाचंच लागतं.

हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या घरी गिरमिटाची, म्हणजे चटकदार चुरमुऱ्यांची, बशी मध्ये ठेवून मी आणि पुतण्या प्रो कबड्डीचे सामने थांबवत, मागेपुढे करत बघतो. एक पकड आम्ही किती वेळा पाहिली असेल कोण जाणे. चढाईपटू निदान रेषा ओलांडून डावीकडे सरकला, कोपरारक्षकाने झेप घेऊन घोटा धरला. पण एका घोट्यावर धिप्पाड गडी थांबत नाही. तो वळला, मध्यरेषा हातभर उरली, आणि मध्यरक्षकाने आडवं येऊन छातीने त्याला रोखलं. मग बाकीचे तुटून पडले. गुण कोपरारक्षकाच्या नावावर गेला. पुतण्या म्हणाला, "काका, अडवलं तर त्या दुसऱ्यानं!" मी आणखी मागे नेलं. घोटा धरण्याच्या आधी उजव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने एक पाऊल पुढे टाकलं होतं. ते पाऊल बघूनच चढाईपटू डावीकडे गेला होता. कोपऱ्यातल्या त्या खेळाडूने कुणाला हातही लावला नाही, पण सापळा त्यानेच लावला होता.

या न लिहिल्या गेलेल्या कामाची किंमत पैशातही दिसते. प्रदीप नरवालने 2017 च्या हंगामात चढाईचे 369 गुण केले. पुढच्याच वर्षी नितेश कुमार एका हंगामात पकडींचे 100 गुण करणारा पहिला बचावपटू ठरला. म्हणून चढाईपटू साडेतीन पटीहून मोठा? अजिबात नाही. चढाईचा प्रत्येक गुण एकट्याच्या नावावर चढतो, पकडीचं श्रेय मात्र वाटलंच जात नाही. तरी 2018 च्या लिलावात एक कोटी गाठणाऱ्या सहा जणांत निव्वळ बचावपटू एकच होता, इराणचा फझल अत्राचली. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला 2019 मध्ये 1 कोटी 45 लाख मिळाले. त्याचा मला मनापासून आनंद आहे. तेवढ्याच ताकदीच्या मध्यरक्षकाला तेव्हा तेवढी बोली लागली नाही, हे मात्र खटकतं.

हाच पेच अमेरिकन फुटबॉलमध्ये आणखी अवघड आहे. तिथे एका बाजूला अकरा खेळाडू. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे आकडे सगळ्यांना पाठ, पण त्याला फेकायला वेळ मिळावा म्हणून समोर भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या पाच जणांच्या नावावर ना यार्ड, ना गुण. क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं, ज्याला तिथे सॅक म्हणतात, हेसुद्धा अधिकृतपणे मोजायला 1982 उजाडलं. आता जाणकार मंडळी चित्रफीत बघून प्रत्येक चालीत प्रत्येक खेळाडूला उणे 2 ते अधिक 2 असे गुण देतात. खांद्याच्या पॅडमधल्या चिपा सेकंदाला 10 वेळा खेळाडूची जागा कळवतात. तरी एक अडचण उरतेच. प्रशिक्षकाने कुणाला काय काम दिलं होतं, हे बाहेरून बघणाऱ्याला ठाऊक नसतं. चूक दिसते, पण ती कुणाची हे कधी कधी अंदाजानेच ठरवावं लागतं.

यातून वाट काढणारी कल्पना एका खेळाडूनेच मांडली. सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर याने रॉबर्ट मॅकोल या अभ्यासकाबरोबर 1971 मध्ये एक शोधनिबंध लिहिला. मैदानात कुठे चेंडू असला की पुढे सरासरी किती गुण पदरी पडतात, ते त्यांनी मोजलं. स्वतःच्या गोलरेषेला अगदी खेटून असाल, तर चेंडू हातात असूनही हिशेब उणे निघतो! म्हणजे किंमत परिस्थितीला असते, आणि खेळाडूने ती परिस्थिती किती पालटली हे त्याचं खरं काम.

कबड्डीला हे माप अंगाबरोबर बसतं. गुण तोच, पण त्याचं वजन दर वेळी निराळं. सहा-सात बचावपटूंसमोर एकाला टिपलं तर एक गुण, आणि आपला एक बाहेरचा गडी आत. समोर एकटाच उरला असेल, तर त्याच स्पर्शाने एक अधिक लोणाचे दोन असे तीन गुण. उलट तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर दोन गुण. रिकाम्या चढाईपुढे वहीत शून्य पडतं, पण सामना संपत आलेला असताना दोन गुणांची आघाडी सांभाळत 30 सेकंद खाणारी रिकामी चढाई सोन्यासारखी असते. तीच सामन्याच्या सुरुवातीला लागोपाठ दोनदा झाली, तर तिसऱ्याला करो या मरो चढाई करावी लागते. आधीच्या दोघांच्या शून्याचं ओझं त्याच्या डोक्यावर.

शिवाय कबड्डीत एक सोय आहे, जी अमेरिकन फुटबॉलच्या अभ्यासकांना एवढी सहज मिळत नाही. खेळाडू सतत बाद होतात, परत येतात. चटईवरची माणसं दर थोड्या चढायांनी बदलतात. म्हणजे अमुक मध्यरक्षक आत असताना संघाच्या किती पकडी यशस्वी झाल्या आणि तो बाकावर असताना किती, याची तुलना करता येते. एवढं पथ्य मात्र पाळायचं की सहाची तुलना सहाशीच करायची, पाचाची पाचाशी. नाहीतर माणसं कमी असल्याचा दोष त्या एकट्याच्या माथी बसेल. समोर कोण चढाईला आला होता, हेही लिहायला हवं. एका सामन्यावरून काही ठरवू नये. हंगामभराच्या हजारो चढाया एकत्र घेतल्या, तरच कुणाचा वाटा किती हे वेगळं दिसू लागेल.

काही कामं त्यातूनही निसटतील. ज्याच्या कोपऱ्याकडे चढाईपटू फिरकतच नाही, त्याच्या पकडी कमीच भरणार. धाकच एवढा की काम करायची वेळ येत नाही. अशासाठी चढाईपटू कोणत्या बाजूला किती सेकंद राहिला, एवढं लिहिलं तरी पुष्कळ कळेल. त्याला चिपा लागत नाहीत, एक वही आणि घड्याळ पुरतं.

आमच्या वहीत पुतण्याने आता तीन रकाने आखलेत: धरलं कुणी, अडवलं कुणी, वळवलं कुणी. पहिले दोन भराभर भरतात. तिसऱ्यासाठी तो अजून दर वेळी चित्र मागे नेतो आणि पायांकडे बघत बसतो.