एका खुर्चीचे न्यायाधिकरण

लातूरच्या शाळा न्यायाधिकरणात निकाल देणारा माणूस एकच: पीठासीन अधिकारी. शेजारी दुसरा सदस्य नाही. त्याची बदली झाली आणि नवी नेमणूक रखडली, की कार्यालय उघडते, फायली निघतात आणि पक्षकाराच्या हाती पडते ती फक्त पुढची तारीख.

इथे दाद मागतात ते खासगी शाळांतले शिक्षक, कारकून, शिपाई. किनवटकडच्या शिक्षकाला आधी नांदेड गाठावे लागते, मग अहमदपूरमार्गे लातूर. संस्थेने बडतर्फ केले, खालच्या पदावर आणले किंवा ज्येष्ठता डावलून दुसऱ्यालाच मुख्याध्यापक केले, तर १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानुसार ३० दिवसांत अपील करायचे. कित्येकदा लेखी आदेशही नसतो. एके सकाळी मस्टरवर सही करू देत नाहीत, एवढेच. ‘लातूर पॅटर्न’च्या कौतुकात हे मस्टर कधी येत नाही.

कायदा करणाऱ्यांना घाई कळत होती. अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावे आणि न जमल्यास कारण नोंदवावे, असे कलम १० सांगते. पण अधिकारीच नसेल तर कारण नोंदवणार कोण? शिक्षकाला मुदत आहे, न्यायाधिकरणाला आहे. खुर्ची भरणाऱ्या सरकारला नाही.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांची अपिले ऐकणाऱ्या तीन सदस्यांच्या मंडळाला जानेवारी २०१७ पासून मार्च २०२२ पर्यंत गणपूर्तीच नव्हती. साडेतीन हजारांहून जास्त प्रकरणे तुंबली.

औरंगाबादच्या एका शिक्षिकेला तिथल्या शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये पूर्ण थकीत पगारासह कामावर परत घ्यायला सांगितले. उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो पुन्हा दिला. खटले लांबतात ते मुख्यतः साधने आणि माणसे अपुरी असल्याने, त्याची शिक्षा पक्षकाराला नको, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. माझ्या मते संस्थाचालकांनी हा निकाल शिक्षकांपेक्षा बारकाईने वाचावा. खुर्ची रिकामी असली तरी थकबाकी वाढतच असते, आणि शिक्षक जिंकला तर ती भरण्याची वेळ संस्थेवर येऊ शकते.

शिक्षकाचे नुकसान मात्र पगाराने पुरते भरत नाही. शाळेतला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. अपील त्यापुढे गेले, तर जिंकूनही पैसे आणि पेन्शनच मिळते, वर्ग नाही.