वजा आठचं घनमूळ किती?

शाळेतलं उत्तर वजा दोन. पायथन ३ ला वजा आठचा १/३ घात विचारला, तर ते साधारण १ + १.७३i सांगतं. सी भाषेचं ‘पॉव’ फंक्शन ‘ही संख्याच नाही’ म्हणून मोकळं होतं. चूक कुणाचीच नाही. घनमुळं तीन असतात आणि फंक्शनने एकच परत द्यायचं असतं. पायथन वजा आठचा कोन १८० अंश धरतं आणि त्याचा तिसरा भाग, म्हणजे ६० अंश, घेतं. वजा दोनच हवं असेल तर सीमध्ये ‘सीबीआरटी’ आहे. पायथनमध्ये ते २०२२ च्या ३.११ आवृत्तीत आलं, बरंच उशिरा.

खरी गोची छेदरेषेवर आहे. ऋण वास्तव अक्ष ही वर्गमुळाची छेदरेषा: ती ओलांडताना मूल्य एकदम उडी मारतं. अशा रेषा कुठे असाव्यात, हे पॉल पेनफिल्ड यांनी १९८१ मध्ये एपीएल भाषेसाठी मांडलं. पण बिंदू नेमका रेषेवरच असेल तर? विल्यम कहान यांनी १९८७ मध्ये शून्याच्या चिन्हाकडे बोट दाखवलं: −४ + ०i चं वर्गमूळ २i, तर −४ − ०i चं −२i. विचित्र वाटतं, पण चालतं. सी९९ प्रमाणातही हेच आहे.

सगळी मूल्यं यादीत परत देणं ऐकायला प्रामाणिक; मात्र दोन वर्गमुळांची बेरीज केली की चार उत्तरं हातात येतात.