मुंबई ते अँटवर्प : सूर्यास्त कोणत्या गावचा?

हिऱ्यांच्या व्यापारामुळे बेल्जियममधील अँटवर्प हे नाव अनेक जैन घरांत सोयऱ्याच्या गावासारखे उच्चारले जाते. तेथील विल्रिक उपनगरात संगमरवरी देरासरही उभे आहे. मुंबईहून सरळ रेषेत हे अंतर सुमारे ६,८५० किलोमीटर भरते. अनेक प्रवासी अ‍ॅम्स्टरडॅमपर्यंत थेट विमानाने जातात आणि पुढे रेल्वेने तास-सव्वा तासात अँटवर्प गाठतात.

जाताना विमानाला नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. परतताना बहुधा तासाभराची बचत होते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा जाताना अडवतो आणि येताना ढकलतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांच्या वाट्याला वळसाही आला.

हा हिशेब तिकिटावरून कळतो. नातवंडांना भेटायला निघालेल्या, वर्षानुवर्षे चौविहार पाळणाऱ्या आजींचा प्रश्न मात्र तिकीट सोडवत नाही. सूर्यास्त कोणता मानायचा? मुंबईचा, अँटवर्पचा, की खिडकीतून दिसणारा?

डिसेंबरच्या मध्यास अँटवर्पला सूर्य सायंकाळी ४.४०च्या सुमारास मावळतो. त्या वेळी मुंबईत रात्रीचे ९.१० झालेले असतात, म्हणजे मुंबईचा सूर्यास्त होऊन तीन तास लोटलेले असतात. जूनच्या अखेरीस तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मुंबईचे घड्याळ दीड दाखवते! सकाळी पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशाचा दिवस असा लांबतो. हिवाळ्यात तेथे सूर्योदयच पावणेनऊला होत असल्याने नवकारशी साडेनऊच्या पुढे जाते, हेही घरच्यांनी आधी सांगितलेले बरे.

खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. डिसेंबरमध्ये सकाळी दहाला अ‍ॅम्स्टरडॅमहून निघाल्यास जमिनीवर सूर्यास्ताला साडेसहा तास उरलेले असतात. पूर्वेकडे झेपावणाऱ्या विमानात मात्र ढोबळ मानाने पाच तासांतच अंधार पडतो. पहिले जेवण उजेडात मिळते, उतरण्यापूर्वीचा अल्पोपाहार रात्री येतो. शिवाय दहा-अकरा किलोमीटर उंचीवर क्षितिज खाली जाते. खालच्या गावात सूर्य मावळल्यावरही तो खिडकीतून काही मिनिटे दिसत राहतो. त्या मिनिटांवर विसंबून घास घेण्यापेक्षा पाणी लवकर आटोपणेच सुरक्षित. पच्चक्खाणाची वेळ कशी धरावी, हे निघण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारून घ्यावे. विमानात बसल्यावर तो वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिकीट काढताना नुसते ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, कारण त्यात कांदा-बटाटा येतोच. ‘जैन भोजन’ असे स्वतंत्रपणे नोंदवावे लागते, तेही किमान २४ तास आधी. काही कंपन्या ४८ तास मागतात. वाटेत विमान बदलायचे असल्यास दोन्ही टप्प्यांवर नोंद झाली आहे का, ते तपासावे. आणि खाखऱ्याचा डबा हातातल्या पिशवीतच ठेवावा, मोठ्या बॅगेत नव्हे.