माणसावाचून चालणारे वाहन

माणसावाचून चालणारी वाहने दोन प्रकारची. एकाला दूर बसलेला माणूस चालवितो; दुसरे आपला मार्ग आपणच ठरविते. दिघीच्या संरक्षण-संशोधन संस्थेने खासगी कारखान्यांच्या साहाय्याने घडविलेला, २०११ साली लष्कराकडे आलेला बॉम्बनाशक ‘दक्ष’ पहिल्या प्रकारचा. दुसरा प्रकार साधणे अधिक कठीण. का, ते जुन्नर-आंबेगावच्या उसात पाहावे.

तेथे बिबट्याचा माग काढण्यासाठी वनखाते ड्रोन वापरते. त्याचा कॅमेरा अंगाची ऊब टिपतो. रात्री गार शेतात बिबट्या उजळ दिसतो. दुपारी तापलेल्या जमिनीत तो हरवतो, आणि दाट पाल्याआडची ऊब तर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. ऊब दिसली तरी ते वासरू, कुत्रा की बिबट्या? यंत्राने हे स्वतः ओळखावे असे वाटत असेल, तर त्याला याच शिवारातील असंख्य चित्रे दाखविली पाहिजेत. ती वनरक्षकाने टिपावी, अभियंत्याने लावावी, खरेखोटे शेतकऱ्याने सांगावे.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. बिबट्या त्यांच्या शिवा जाणत नाही. म्हणून नोंदही सर्वांची एकच हवी. रात्री उसाला पाणी देणाऱ्याचा जीव यंत्राच्या उत्तरावर टांगलेला असताना, ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे मात्र कधीही समजू नये.